सोलापूरच्या थंडीत ‘फोर बाय फोर’ हवीच का? कुटुंबासाठी गाडी घेण्याआधी हे समजून घ्या

दिवाळी झाली, सकाळच्या हवेत गारवा आला की आपल्या घरांमध्ये गाडीचा विषय निघतोच. लग्नसराई सुरू होते. गुलबर्ग्याला बंदानवाज दर्ग्याच्या जियारतीला जायचे असते, पुण्यात शिकणाऱ्या मुलाला सोडायचे असते, हैदराबादचा वलीमा असतो, दादीला दवाखान्यात न्यायचे असते. टू-व्हीलरवर चौघे बसायचे दिवस संपले, आता ‘मोठी गाडी’ घेऊ या, असे ठरते. मग मोबाइलवर व्हिडिओ सुरू होतात. कुणी शिकागोचा, कुणी टोरंटोचा नातेवाईक बर्फातून सरसर जाणारी गाडी दाखवतो आणि सांगतो, “ऑल व्हील ड्राइव्हच घ्या, थंडीत सेफ असते.” शोरूममधला मुलगाही तेच सांगतो. घरातल्या तरुण मुलाला तर आधीपासून थारच हवी असते.

प्रश्न दीड-दोन लाख रुपयांचा आहे, आणि त्याहून जास्त घरातल्या माणसांच्या जिवाचा आहे. म्हणून ‘चारही चाकांना ताकद’ म्हणजे काय, ती कुठे कामाला येते, कुठे येत नाही, आणि सोलापूरच्या थंडीत खरा धोका कशाचा असतो, हे नीट समजून घेऊ या.

आधी शब्दांचा गोंधळ मिटवू

‘एसयूव्ही’ म्हटले की गाडी फोर बाय फोर असणार, असे अनेकांना वाटते. तसे अजिबात नाही. उंच बांधणी, मोठी चाके, रुंद तोंड असले की कंपन्या गाडीला एसयूव्ही म्हणतात. तिची किती चाके इंजिनाच्या ताकदीवर फिरतात हा वेगळा प्रश्न आहे. त्याचे चार प्रकार आहेत.

पहिला, फ्रंट व्हील ड्राइव्ह. इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. पेट्रोल-डिझेलची नेक्सॉन, व्हेन्यू, क्रेटा, ब्रेझा, अर्टिगा या गाड्या अशा आहेत. आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक ‘एसयूव्ही’ याच प्रकारातल्या.

दुसरा, रिअर व्हील ड्राइव्ह. ताकद मागच्या दोन चाकांना. बोलेरो, स्कॉर्पिओ क्लासिक, इनोव्हा क्रिस्टा या गाड्या अशा चालतात. माणसे आणि सामान भरले की मागच्या चाकांवर वजन येते आणि पकड वाढते, म्हणून ओझ्याच्या कामाला या चांगल्या.

तिसरा, ऑल व्हील ड्राइव्ह. एरवी बहुतेक ताकद दोन चाकांवर असते. ती घसरायला लागली की गाडीतला कॉम्प्युटर आपोआप उरलेल्या दोन चाकांकडे ताकद पाठवतो. ड्रायव्हरला फारसे काही करावे लागत नाही. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर यांच्या काही व्हेरिएंटमध्ये ही सोय मिळते.

चौथा, खरीखुरी फोर बाय फोर. थार, थार रॉक्स, स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर यांच्या काही व्हेरिएंटमध्ये आणि जिम्नीमध्ये ती आहे. यात ड्रायव्हरने दांडा किंवा बटण वापरून टू हाय, फोर हाय, फोर लो यांतून निवडायचे असते. फोर लो म्हणजे वेग कमी, जोर जास्त. चिखल, चढ, रुतलेली गाडी काढणे यासाठी ती असते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. या चौथ्या प्रकारातल्या बहुतेक गाड्या कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर हायमध्ये चालवायच्या नसतात. वळताना पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत. चिखलात चाक थोडे घसरून तो फरक भरून निघतो, पण कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही आणि सगळा ताण आतल्या गिअरवर येतो. म्हणजे सोलापूर-पुणे हायवेवर तुमची फोर बाय फोर जवळजवळ सगळा वेळ दोन चाकांवरच चालणार. दीड-दोन लाख जास्त मोजलेली वस्तू बोनेटखाली झोपून प्रवास करणार.

चार चाके निघायला मदत करतात, थांबायला नाही

वर्गात मुलांना समजावताना मी हातगाडीचे उदाहरण देते. जड हातगाडी दोन माणसे ढकलत आहेत आणि रस्ता निसरडा आहे. त्यांचे पाय घसरले की गाडी जागची हलत नाही. तीच चौघांनी ढकलली तर दोघे घसरले तरी उरलेले दोघे ती पुढे नेतात. ऑल व्हील ड्राइव्हचा फायदा एवढाच आहे आणि तो खरा आहे. निसरड्या जागेवरून गाडी निघते, रुतत नाही.

पण हातगाडी थांबवायची असेल तेव्हा? तेव्हा चौघेही तिला धरून मागे ओढतातच. गाडीचेही तसेच आहे. रस्त्यावरच्या प्रत्येक कारचे ब्रेक चारही चाकांना लागतात, मग ती साधी हॅचबॅक असो की पन्नास लाखांची फॉर्च्युनर. गाडी किती अंतरात थांबेल हे टायर, रस्ता, ब्रेक आणि वेग यांवर ठरते. चारही चाकांना ताकद असल्याने ती एक फूटही आधी थांबत नाही. उलट फोर बाय फोरचे जास्तीचे भाग गाडीचे वजन वाढवतात.

बर्फाच्या मुलखातले लोक हे चांगले ओळखून आहेत. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात दरवर्षी १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात कारला हिवाळी टायर लावणे कायद्याने सक्तीचे आहे. ऑल व्हील ड्राइव्हची सक्ती नाही, सक्ती टायरची आहे. जिथे महिनोन्‌महिने बर्फ असतो तिथल्या सरकारलाही चाकाला मिळणाऱ्या ताकदीपेक्षा चाकाची पकड महत्त्वाची वाटते. टोरंटोच्या भाईजाननी पाठवलेल्या व्हिडिओत गाडी दिसते, टायर दिसत नाहीत.

सोलापूरची थंडी आणि तिचा खरा धोका

आपल्याकडे बर्फ नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे स्वेटर लागतो, दुपारी पुन्हा ऊन. रस्ता गोठत नाही. मग आपल्या थंडीत धोका कशाचा?

उसाचा. सोलापूर हा राज्यात सर्वात जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाळप सुरू होते ते फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालते. माळशिरस, पंढरपूर, माढा, मोहोळ, मंगळवेढा, दक्षिण सोलापूर, कुठल्याही रस्त्याला जा, दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, ट्रक, जुगाड, टायरची बैलगाडी रात्रंदिवस ऊस ओढत असतात. ऊस ट्रॉलीच्या बाहेर आलेला असतो आणि त्याआड मागचा दिवा, असलाच तर, झाकला जातो. रिफ्लेक्टर धुळीने माखलेला असतो. पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यातच उभी असते आणि मागे इशारा म्हणून चार दगड ठेवलेले असतात.

आणि आपली ये-जा नेमकी याच अंधारात होते. डिसेंबरात संध्याकाळी सहाच्या आसपास मगरिब होते. शाळा, ऑफिस, एमआयडीसीतून घरी परतणाऱ्यांचा रस्ता अंधारात जातो. तालुक्याच्या गावी शिकवायला जाणारे आमचे शिक्षक बंधू-भगिनी पहाटे उजाडायच्या आत निघतात. नदीकाठी, कॅनॉलच्या पट्ट्यात, उजनीच्या बाजूला धुकेही असते. शिवाय रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०२६ चा रमजान फेब्रुवारी-मार्चमधला, २०२८ मध्ये तो जानेवारीअखेरीस सुरू होईल. म्हणजे येती काही वर्षे रोजा आणि ऊस हंगाम एकत्र येणार. दिवसभराचा उपवास, डोके थोडे जड, इफ्तारला घरी पोहोचायची घाई आणि समोर बिनदिव्याची ट्रॉली. आपल्या थंडीतली सर्वात धोक्याची वेळ हीच आहे.

आता थोडे गणित करू. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. समोर काहीतरी आहे हे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. मग चांगल्या टायरवर, कोरड्या रस्त्यावर, ब्रेक लागून थांबायला अजून साधारण ३६ मीटर. एकूण सत्तरच्या आसपास. साध्या हेडलाइटच्या डिपरमध्ये बिनदिव्याची काळपट ट्रॉली चाळीस-पन्नास मीटरवर आल्यावर दिसते. हिशेब जुळत नाही. हाच वेग ६० वर आणला तर एकूण अंतर सुमारे ४५ मीटर होते आणि जीव वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

या गणितात फोर बाय फोर कुठेच येत नाही. येतो तो वेग, दिवे, टायर, ब्रेक, आणि एवढे करूनही धडक झालीच तर सीट बेल्ट, एअरबॅग आणि गाडीचा सांगाडा.

मग पैसे कशावर खर्च करायचे?

एकाच गाडीच्या टू-व्हील ड्राइव्ह आणि फोर बाय फोर व्हेरिएंटमध्ये साधारण दीड ते अडीच लाखांचा फरक पडतो. त्यापेक्षा कमी पैशांत किंवा तेवढ्यातच खालच्या गोष्टी मिळत असतील तर आधी त्या घ्या. क्रमही हाच ठेवा.

१. स्टार. भारत एनकॅप ही आपली स्वतःची धडक-चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. मोठ्यांच्या आणि मुलांच्या सुरक्षेसाठी तिच्यात वेगवेगळे स्टार मिळतात. दोन्ही पाहा, आपल्याकडे मुलांचे स्टार कुणी विचारतच नाही. हेही लक्षात घ्या की स्टारचा आणि फोर बाय फोरचा संबंध नाही. ग्लोबल एनकॅपमध्ये पाच स्टार मिळवणारी पहिली भारतीय कार ठरली ती २०१८ मध्ये नेक्सॉन, आणि ती पुढच्या दोन चाकांवर चालते. भारत एनकॅपमध्ये सर्वात आधी पाच स्टार मिळाले ते हॅरियर आणि सफारीला. त्या डिझेल गाड्याही फोर बाय फोर नाहीत.

२. ईएससी आणि सहा एअरबॅग. ईएससी म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल. अचानक स्टेअरिंग फिरवावे लागले, गाडी बाजूला घसरू लागली, तर ही यंत्रणा एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सरळ ठेवायचा प्रयत्न करते. ट्रॉली चुकवताना कामाला येते ती हीच. उंच गाडी झटक्याने वळवली की उलटायचा धोका जास्त असतो, म्हणून एसयूव्ही घेणाऱ्याने तर ईएससीशिवाय गाडी घेऊच नये. ब्रोशरमध्ये तुमच्या व्हेरिएंटसमोर ती आहे का, बोट ठेवून विचारा. ‘या मॉडेलमध्ये आहे’ आणि ‘या व्हेरिएंटमध्ये आहे’ यात फरक असतो.

३. प्रत्येकाला बेल्ट. घरात माणसे किती आणि तीन-पॉइंट बेल्ट किती, मोजा. सातजणांच्या गाडीत मागे बाजूला तोंड करून बसायच्या सीट असतील तर तिथे मुलांना बसवणे धोक्याचे आहे. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. गाडी महागडी मर्सिडीज होती. मागे बसलेल्यांनाही बेल्ट सक्तीचा आहे, आणि १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेले तर मोटार वाहन कायद्यात हजार रुपये दंड आहे.

बाळाला अम्मीच्या मांडीवर घेऊन पुढे बसायची आपल्याकडे सवय आहे. ताशी ५० च्या वेगाने धडक बसली तर दहा किलोचे बाळ त्या क्षणी दोनशे किलोच्या जोराने पुढे फेकले जाते. कुठल्याही आईचे हात ते धरू शकत नाहीत. आयसोफिक्सची चाइल्ड सीट काही हजारांत येते. अलॉय व्हील आणि सनरूफ नंतर बघू, आधी ही सीट. आणि मागे तोंड करून लावायची सीट एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर कधीही लावायची नाही.

४. दिवे. गाडी संध्याकाळनंतर चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका. दुपारच्या टेस्ट ड्राइव्हला हेडलाइट कळत नाही. होटगी रोडवरून बाहेर अंधारात जाऊन डिपर किती लांब आणि रस्त्याच्या कडेला किती पडतो ते पाहा. धुक्यात अप्पर लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, तिथे डिपर आणि फॉग लॅम्पच. काच आतून धूसर झाली तर एसी लावून हवा काचेवर सोडा, थंडीतही.

५. टायर. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ‘३५२४’ म्हणजे २०२४ सालचा ३५ वा आठवडा. सेकंडहॅण्ड गाडी घेताना हे आधी वाचा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेही बाद. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की दाब साधारण एक पीएसआयने उतरतो. आपल्याकडे दुपार आणि पहाट यांत सहज पंधरा अंशांचा फरक असतो, म्हणून भर दुपारी गरम टायरमध्ये भरलेली हवा पहाटे दोन-तीन पीएसआय कमी दिसते. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असते. सातजण आणि सामान असेल तेव्हाचा आकडा वेगळा असतो, तोही तिथेच.

घरच्या कामाला गाडी कशी उतरते?

फोर बाय फोरच्या हौसेत एक साधी गोष्ट विसरली जाते. जिम्नी आणि तीन दारांची थार, दोन्ही चार सीटच्या गाड्या आहेत. नवरा-बायको, दोन मुले बसली की दादीला जागा नाही. थारच्या मागच्या सीटवर जायला पुढची सीट वाकवून चढावे लागते. गुडघे दुखतात म्हणून खुर्चीवर नमाज पढणाऱ्या बुजुर्गांना ते जमणार नाही. जिम्नीची डिकी मागची सीट उभी असताना २०८ लिटरची. त्यात महिन्याचा किराणा आणि ईदची खरेदी एकत्र मावणे कठीण. पाच दारांची थार रॉक्स पाचजणांची आहे आणि स्कॉर्पिओ-एन सहा-सातजणांची. पण स्कॉर्पिओची तिसरी ओळ भरली की सामानाला जागा उरत नाही. मग बॅगा टपावर चढतात, आणि टपावर वजन म्हणजे वळणावर गाडी उलटायची भीती.

म्हणून शोरूमला एकटे जाऊ नका. दादीला किंवा नानीला सोबत न्या, त्यांना चढून-उतरून पाहू द्या. घरात जी बाई रोज मुलांना शाळेत सोडणार, तिला चालवू द्या. तिला बोनेटपुढचा रस्ता नीट दिसतो का, पेडलपर्यंत पाय आरामात पोहोचतो का, हे महत्त्वाचे. विजापूर वेस, बेगम पेठ भागात घर असेल तर गाडी गल्लीत वळते का, रात्री उभी कुठे करणार, हे टेप घेऊन मोजा. चार मीटरपेक्षा लहान गाडीचा फायदा तिथे रोज कळतो.

आणि एप्रिल-मे विसरू नका. सोलापूरची थंडी दोन-अडीच महिन्यांची, ऊन त्याहून कितीतरी लांब. चाळीस-बेचाळीस अंशांत मागच्या सीटवर एसीची हवा पोहोचते का? बॅटरीचे आयुष्यही उन्हाळ्यात जळते, थंडीच्या पहाटे ते फक्त उघडकीला येते. म्हणून तीन-चार वर्षे झालेली बॅटरी दिवाळीच्या सुमाराला तपासून घ्यावी.

खिशाचा हिशेब

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचा जीएसटी बदलला. चार मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसी, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत इंजिन, अशा गाडीवर १८ टक्के. त्यापुढच्या गाड्यांवर ४० टक्के. इलेक्ट्रिकवर ५ टक्के. पेट्रोल-डिझेलच्या फोर बाय फोर गाड्यांची इंजिने मोठी असल्याने त्या ४० टक्क्यांत जातात. जिम्नी लांबीने चार मीटरच्या आत आहे, पण इंजिन १४६२ सीसीचे, म्हणून ४० टक्के. ब्रेझाही याच कारणाने ४० टक्क्यांत. नेक्सॉन, एक्सयूव्ही थ्री-एक्सओ, १२०० सीसीची व्हेन्यू १८ टक्क्यांत. वर आरटीओचा कर किमतीच्या टक्केवारीने लागतो. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, वीसपर्यंत १२, त्यापुढे १३. डिझेलला १३, १४ आणि १५. गाडी जितकी महाग, तितका करही महाग.

पेट्रोलचे पाहा. ग्रँड व्हिटारा आली तेव्हा तिच्या साध्या मॅन्युअल गाडीचे जाहीर ॲव्हरेज लिटरला २१.११ किलोमीटर होते, ऑल व्हील ड्राइव्हचे १९.३८. वर्षाला १५ हजार किलोमीटर चालवली आणि पेट्रोल १०५ रुपये धरले तर फरक सुमारे ६,६०० रुपयांचा. प्रत्यक्षात ॲव्हरेज कमी मिळते, फरक थोडा वाढतोच. शिवाय ऑल व्हील ड्राइव्हला चारही टायर सारखे लागतात. एकच बदलला तर नव्या-जुन्याच्या गोलाईतल्या फरकाने आतल्या यंत्रणेवर ताण येतो.

व्याजाच्या कर्जापासून दूर राहायचे, हा आपल्यातल्या अनेक घरांचा प्रयत्न असतो. साठवलेले पैसे, घरातल्यांची मदत, जुनी गाडी विकून आलेली रक्कम, यांत एक चांगली टू-व्हील ड्राइव्ह रोखीने बसते. फोर बाय फोरसाठी वरचे दोन लाख मात्र बँकेकडून घ्यावे लागतात. नऊ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी, त्या दोन लाखांवर सुमारे ४९ हजार रुपये व्याज जाते. वर्षातून दोनदाही न वापरल्या जाणाऱ्या सोयीसाठी व्याजात पडायचे का, हे घरात बसून ठरवावे.

फोर बाय फोर खरोखर कुणाला लागते?

कुणालाच लागत नाही, असे नाही. ज्यांची शेती काळ्या मातीत आहे, पावसाळ्यात वस्तीवर रोज जायचे आहे, त्यांना तिचा उपयोग आहे. भिजलेली काळी माती टायरच्या नक्षीत भरते आणि चाक गुळगुळीत होते. अशा वेळी चारही चाकांचा जोर आणि फोर लो कामाला येतात. तरीही खोल चिखलात गाडी पोटावर बसली तर फोर बाय फोरलाही ट्रॅक्टरच काढतो. अशांनी ऑल व्हील ड्राइव्हपेक्षा थार किंवा स्कॉर्पिओसारखी खरी फोर बाय फोर पाहावी. ज्यांचे कामच साइटवर, खाणीवर, घाटात असते त्यांनाही ती हवी.

काश्मीर-मनालीच्या सहलीसाठी मात्र ती घेऊ नका. बर्फ पडला की तनमर्ग-गुलमर्ग रस्त्यावर पोलीस फोर बाय फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच सोडतात, हे खरे. पण सोलापूरहून तिथवर दोन हजार किलोमीटरपेक्षा जास्त अंतर आहे. बहुतेक कुटुंबे रेल्वेने किंवा विमानाने जातात आणि तिथे स्थानिक ड्रायव्हरची गाडी घेतात. बर्फात गाडी चालवणे त्याला कळते, आपल्याला नाही.

शेवटी पाण्याबद्दल. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला, माढा, करमाळा, मोहोळ तालुक्यांतल्या अनेक गावांत पाणी शिरले. अशा वेळी ‘आपली गाडी उंच आहे, फोर बाय फोर आहे’ म्हणून पुलावरच्या पाण्यात गाडी घालणारे असतात. वाहते पाणी एक फूट झाले की लहान गाडी तरंगू लागते, दोन फूट झाले की मोठी एसयूव्हीही वाहून जाऊ शकते. टायर जमिनीला टेकतच नसतील तर दोन काय आणि चार काय. पुलावर पाणी दिसले की गाडी मागे वळवायची, मग ती कितीही लाखांची असो.

तेव्हा शोरूममध्ये पहिला प्रश्न ‘फोर बाय फोर आहे का?’ हा नको. ‘स्टार किती, ईएससी आहे का, बेल्ट किती, चाइल्ड सीट कुठे लावायची?’ हे विचारा. गाडी आल्यावर पहिल्या दिवसापासून मागे बसलेल्या प्रत्येकाला बेल्ट लावायला सांगा. आणि रमजानात गाडीच्या कप्प्यात चार खजूर आणि पाण्याची बाटली ठेवा. रस्त्यात मगरिबची अजान झाली तर गाडी रस्त्यापासून आत घ्या, इंडिकेटर लावा, तिथेच रोजा सोडा आणि मग सावकाश घरी या. घरचे दस्तरखान पंधरा मिनिटे थांबू शकते.